आंबूस

फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला तेव्हा ताईची सायकल अर्धी आत, अर्धी बाहेर होती. "थांबा ताई, आधी गाडी जाऊ द्या," तो म्हणाला, आणि त्याने कधी नव्हे ती टोपी सरळ केली. ताईने पाय टेकला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून आत गेली. मागच्या आसनावर धाकटी बसली होती, मांडीवर कागद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला. ती वाचत होती. तिने मान वर केली नाही. गाडी गेली, मागे थोडी धूळ राहिली. रखवालदार म्हणाला, "मोठ्या मॅडम आहेत. देशाचं धोरण लिहितात म्हणे." ताई म्हणाली, "असं का." एवढंच घडलं. पण सायकल टेकवून कुलूप लावताना तिच्या लक्षात आलं, की किल्ली उलटी घालून आपण ती जोराने पिळतोय. आपणच तर सांगितलं होतं तिला. मागच्या आठवड्यात फोनवर धाकटी म्हणाली होती, "ताई, मी तुमच्या कारखान्यावर येतेय, पाहणीला. सगळ्यांना सांगू ना, तू माझी बहीण म्हणून?" आणि ताई म्हणाली होती, "मुळीच नको. तिथे मला ओळखसुद्धा दाखवू नकोस. लोक उगीच चार गोष्टी बोलतात." पलीकडून लगेच उत्तर आलं होतं, "बरं." एकदाच. असं का, तसं का, काही नाही. इतक्या वर्षांत धाकटीने ताईचं कुठलंही म्हणणं वाद न घालता मान्य केलं नव्हतं, आणि नेमकं हेच कसं केलं, हा प्रश्न आठवडाभर ताईच्या मनात, दातात अडकलेल्या तुकड्यासारखा होता. जीभ सारखी तिथेच जायची.

कपडे बदलण्याच्या खोलीत स्लाइडवाली आधीच आली होती. तिचं काम सूक्ष्मदर्शकावरचं. टाकीतला थेंब काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून बघायचा आणि आपलेच जंतू आहेत की कुणी परका शिरलाय ते कागदावर लिहायचं. म्हणून ती स्लाइडवाली. चाळिशीची, बोलकी, तीन वर्षं कंत्राटावर. या महिन्याअखेर कायम होणार होती. "बघितलंत का मॅडमना?" तिने केस टोपीत कोंबत विचारलं. "इतक्या मोठ्या, पण काही तोरा नाही हो. मला आत्ताच दारात म्हणाल्या, तुम्ही सात वाजता आलात का, मग काही खाल्लंत का? मला कुणी आजवर विचारलं नाही इथे, खाल्लंत का म्हणून." ताई पांढऱ्या अंगरख्याची बटणं लावत होती. "असं लोकांना विचारायची त्यांना शिकवण असते," ती म्हणाली. "नाही हो ताई, खरंच विचारलं. डोळ्यांवरून कळतं." ताईने वरचं बटण खालच्या काजात घातलं होतं, सगळी पुन्हा सोडून लावावी लागली. कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे फिटरसुद्धा. हा शब्द मूळचा धाकटीचा, तिनेच तो पहिल्यांदा उच्चारला होता, बोबड्या तोंडाने. आणि आता तो इतक्या तोंडांत गेला होता की त्याच्यावर धाकटीचा काही हक्क उरला नाही, असं ताईला कधी कधी समाधान वाटायचं. आज ते वाटलं नाही.

शेजारच्या स्टार्चच्या गिरणीतून जे पांढुरकं, घाण वासाचं पाणी पूर्वी नदीत जायचं, ते आता नळीने इथे यायचं. टाकीत जंतू ते खायचे आणि आपल्या पोटात चरबी साठवावी तसा एक पदार्थ साठवायचे. तो काढून, वाळवून पांढरी भुकटी व्हायची. तिच्यापासून प्लास्टिक होई, आणि हे प्लास्टिक मातीत पुरलं की वर्षभरात मातीच होई. राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान धोरणाच्या मसुद्यात पहिलंच उदाहरण या कारखान्याचं होतं. इथे नीट चाललं, तर असे साठ कारखाने देशभर निघणार होते. ताईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. मसुदा घरी होता. धाकटीने पाठवला होता, वर चिठ्ठी: ताई, वाच आणि खरं खरं सांग. ताईने एकशे बारा पानं तीन दिवसांत वाचली होती आणि 'वेळ झाला नाही' म्हणून सांगितलं होतं. मुखपृष्ठावर तीन शब्द होते, वाढ, पर्यावरण, रोजगार, आणि तिसरा शब्द वाचताना तिला हसू आलं होतं. एक्केचाळिसाव्या पानावर एक तक्ता होता. संशोधक स्तर, तंत्रज्ञ स्तर, प्रचालक स्तर. प्रचालक म्हणजे ऑपरेटर, म्हणजे आपण. पुढे आकडा, अठरा हजार. त्या अठरा हजारांत आपण कुठे असू, पहिल्या की सतरा हजार नऊशे नव्व्याण्णवाव्या, असा विचार करत ती ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसली होती. त्याच पानावर पुढे बारीक अक्षरात कलमं होती. त्यातलं एकही तिने वाचलं नाही. आकड्यावरून डोळा हललाच नाही.

घरात एक गोष्ट सांगितली जायची, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, आणि हल्ली मुलाखतींतूनही. वडील गेले, दोघींपैकी एकीलाच शिकवणं शक्य होतं, तर ताईने धाकटीसाठी शिक्षण सोडलं. धाकटी हे सांगताना घसा खाकरायची. लोक ताईकडे आदराने बघायचे आणि ताई खाली बघायची; लोकांना तो विनय वाटायचा. खरं एवढंच होतं, की ताई रसायनशास्त्रात दोनदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा निकाल बघून घरी येताना तिला यीस्टच्या कारखान्याच्या भिंतीवर कामगार हवेत अशी पाटी दिसली आणि तिला सुटल्यासारखं झालं होतं. ते आईला माहीत होतं. आईने तेव्हाच ठरवलं असावं की लेकीचं हसं होण्यापेक्षा त्याग झालेला बरा, आणि मग दोघी मायलेकींनी ते झाकण कधी उचललं नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगावर घालून फिरावं तसं ताईचं झालं होतं. कोट उबदार होता, पण खांदे आपले नव्हते. आणि धाकटी मात्र जे होती ते स्वतःच्या मापाचं होती. पहिली आली ती खरोखर पहिली आली, परदेशी गेली ती खरोखर गेली. तिच्या कशालाही अस्तर लावावं लागलं नाही. मत्सर कशाचा, असं ताईला कुणी विचारलं असतं, तर मानाचा नाही, गाडीचा नाही, याचा, असं तिने सांगितलं असतं. पण तसं कुणी विचारत नाही.

एकच गोष्ट ताईची स्वतःची होती. नाक. लहानपणी आई दूध तापवायच्या आधी पातेलं तिच्यासमोर धरायची आणि ताई 'नको' म्हणाली तर ते तापवायची नाही. तापवलंच तर ते नासायचंच. धाकटी तिचे डोळे फडक्याने बांधायची आणि एकेक वस्तू नाकाजवळ आणायची. किल्ली. खोडरबर. बाबांचा पट्टा. एकदा तिने स्वतःचाच तळहात धरला होता आणि ताई म्हणाली होती, "रडली आहेस तू. कशाला?" धाकटीने फडकं सोडून टाकलं होतं आणि मग ती खरंच रडली होती. शाळेत कुणीतरी तिला काहीतरी बोललं होतं. यीस्टच्या कारखान्यात अकरा वर्षं आणि इथे आठ वर्षं ताई या नाकावर जगली होती. हिचं सगळं नाकाने कांदे सोलल्यासारखं, असं जुने फिटर चिडून म्हणायचे, पण टाकीत काही बिघडलंय का हे पडद्यावरच्या आकड्यांआधी हिलाच कळतं, हे तेच नव्या माणसांना सांगायचे. नियमांच्या पुस्तकात वासाचा उल्लेख नव्हता. उलट नमुन्याच्या तोटीवर पत्र्याची पाटी होती, नमुना हुंगू नये.

त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ताईने बीजटाकीच्या तोटीला ज्योत दाखवली, वाफ जाऊ दिली, बाटली भरली. बीजटाकी छोटी, माणसाच्या उंचीची. तिच्यात जंतू वाढवून घ्यायचे आणि मग ते वीस हजार लिटरच्या मोठ्या टाकीत सोडायचे, विरजण लावावं तसे. ते सोडणं अकरा वाजता होतं, पाहणीला आलेल्या समितीसमोर, आणि बटण धाकटी दाबणार होती. ताईने सवयीने बाटलीवरून तळहाताने वारा घेतला. ओल्या पुठ्ठ्याचा वास, किंचित गोडसर, तो नेहमीचा. आणि त्याच्या खाली, खूप खाली, बंद डब्यात विसरलेल्या दुधाच्या बाटलीचं बूच उघडावं तसं काहीतरी. आंबूस. इतकं पुसट, की पुन्हा हुंगलं तर मिळालं नाही. तिसऱ्यांदा पुन्हा मिळालं. ताई उभी राहिली. पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे होते. सात वाजताच्या स्लाइडवर 'स्वच्छ' लिहून सही झाली होती. लाखात एक परका जंतू असेल तर स्लाइडवर दिसतही नाही. पण तो मोठ्या टाकीत गेला की उद्या दुपारपर्यंत टाकीभर होणार, हे ताईला वीस वेळा बघून माहीत होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ही बीजटाकी टाकून दिली असती. दुसरी उद्या सकाळी तयार होत होती. एक दिवस उशीर, बस. पाहुणे परत गेले असते आणि उद्या आले असते. तोंड उघडायचं होतं, आणि वीस पावलांवर व्यवस्थापक उभे होते.

ती तोंड उघडणारच होती. हे तिने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच वेळी काचेच्या पलीकडच्या वाटेने धाकटी आली, मागे समितीचे चौघे, आणि व्यवस्थापक लगबगीने दार धरायला धावले. धाकटी काहीतरी विचारत होती आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचे हात बोलताना हलत होते. ते हात ताईला ओळखीचे होते, त्यांची नखं तिने कापली होती. आणि आता ते हात हवेत जे काढत होते, त्याला चार मोठी माणसं मान हलवत होती. ताईच्या छातीत काहीतरी बारीक आणि गरम सरकलं. तिला वाटलं, जाऊ दे ना. नियमात कुठे वास आहे? पाटी तर म्हणते हुंगू नये. मी हुंगलंच नाही. तिने बाटलीला बूच लावलं, त्यावर वेळ लिहिली आणि ती रांगेत ठेवून दिली. मग तिने हात धुतले, दोनदा. आपण काही केलं नाही, फक्त काही केलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि ते वाक्य तिला जवळजवळ बरं वाटलं.

अकरा वाजता सगळे मोठ्या टाकीजवळ जमले. धाकटी थोडंच बोलली. ज्या पाण्याला लोक नाक मुरडायचे त्यातून इथे काय होतं ते आपण बघताय, एवढं म्हणून ती म्हणाली, "हे कागदावर मी लिहिलं, पण करणारे हात इथले आहेत. टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला जे कळतं ते आम्हाला पुस्तकातून कळत नाही." टाळ्या झाल्या. ताईला वाटलं, हीसुद्धा शिकवणच. मग धाकटीने बटणावर बोट ठेवलं, आणि दाबायच्या आधी, एक क्षणभर, रांगेत तिसऱ्या उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा. ओळख दाखवायची नाही हे ठरलं होतं, म्हणून तिने फक्त डाव्या भुवईने विचारलं, ठीक आहे ना? लहानपणी रस्ता ओलांडताना विचारायची तसं. आणि ताईने मान हलवली. हो. ती हलवायची काही गरज नव्हती. ती नजर चुकवू शकली असती. धाकटीने बटण दाबलं, नळीत खळखळ झाली, आणि ताईच्या पायांतून ती खळखळ वर चढत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता क्षाराचा पंप भराभर ठोके देऊ लागला. टाकी आंबट व्हायला लागली, की तो आपोआप क्षार सोडतो. पडदा आधी पिवळा, मग लाल झाला. एक वाजता तर कुणाचंही नाक पुरेसं होतं. वीस हजार लिटर वाफेने मारून गटारात सोडावं लागलं, आणि तो आंबूस वास अंगणभर, जेवणघरात, सायकलींच्या रांगेपर्यंत पसरला. समितीतले दोघे रुमाल लावून गाडीत बसले. व्यवस्थापकांना कुणाला तरी धरायचं होतं आणि कागदावर एकच सही होती. स्लाइडवाली जिन्याच्या पायरीवर बसली होती, टोपी हातात. "मी नीट बघितलं हो ताई," ती म्हणाली. "दहा जागा बघितल्या. नव्हतं काही. तुम्ही तरी सांगा, होतं का काही?" ताई तिच्या शेजारी बसली. तिने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिचा तिलाच इतका जड वाटला, की तिने तो काढून घेतला. "नाही," ती म्हणाली, "स्लाइडवर नव्हतं." हे अक्षरशः खरं होतं.

संध्याकाळी धाकटी घरी आली. समितीची सोय पाहुण्यांच्या बंगल्यात होती, पण तिने बॅग तिथे ठेवली आणि चालत आली. दोन खोल्यांचं घर, आई आणि ताई राहायच्या तिथे. आईला हल्ली कमी ऐकू यायचं. ती खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती. धाकटीने चपला काढल्या, पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. ताई वाट बघत होती, कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं. रडेल, चिडेल, हरल्यासारखी दिसेल. आणि ते बघून आपल्याला थंड वाटेल, असं काल तिला वाटलं होतं. धाकटी फक्त दमलेली दिसत होती. तिच्या पायाच्या टाचा भेगाळल्या होत्या.

"त्या बाईचं काय?" ताईने विचारलं. "स्लाइडवालीचं?"

"तिला काही होणार नाही. मी व्यवस्थापकांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, तुमच्या टाकीवर एक बाई आहेत, तुम्ही सगळे त्यांना ताई म्हणता. एकोणीस वर्षं त्या हेच काम करतात. त्यांच्या नाकाला जर कळलं नाही, तर सूक्ष्मदर्शकाला काय कपाळ कळणार? त्यांनी मान्य केलं. लगेच."

"माझं नाव घेतलंस."

"बहीण म्हणून नाही घेतलं. तू नको म्हणाली होतीस." धाकटी कुशीवर वळली. "पण ताई, सांगताना मला बरं वाटलं. खोलीतले सगळे गप्प झाले. व्यवस्थापक म्हणाले, हो, ते खरं, ताईला नाही कळलं म्हणजे विषयच संपला."

चार मोठी माणसं एका खोलीत बसली होती, आणि तिच्या नाकाच्या नावाने गप्प झाली होती. इतकी वर्षं तिला जे हवं होतं ते हेच होतं, अगदी हेच, आणि ते तिला मिळालं होतं, आणि ते खोटं होतं. रसायनशास्त्रासारखंच. पुन्हा एक कोट.

"एक कलम मात्र जाणार," धाकटी म्हणाली. आता ती पोटावर हात बांधून छताशी बोलत होती. "एक्केचाळिसाव्या पानावरचं. तू वाचलं नसशील. प्रत्येक टाकीवर, प्रत्येक पाळीला, पाच वर्षं अनुभवाचा माणूस हवाच. माणूस, यंत्र नव्हे. आणि नव्यांना शिकवायचं कामही त्यांनाच, रीतसर पद देऊन. तीन वर्षं भांडतेय मी त्यासाठी. सगळे म्हणायचे, कशाला, सेन्सर बसवा, निम्मी माणसं पुरतील. मी म्हणायचे, तुम्ही माझी बहीण बघितली नाहीत. नाव नाही घ्यायचे, पण डोक्यात तूच असायचीस. आज त्यांच्या हातात पुरावा आला. माणसालाही कळत नाही. मग माणूस कशाला? अठराचे नऊ हजार होतील."

आईने खिडकीतून विचारलं, "कोण येणार आहे नऊ वाजता?"

"कुणी नाही आई," दोघी एकदम म्हणाल्या.

ताई स्टुलावर बसली होती. तिला त्या पानावरची बारीक अक्षरं आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, पण जे वाचलंच नव्हतं ते आठवणार कुठून. आपण त्या आकड्याकडे बघत बसलो होतो तेव्हा आपण त्याच्या खाली, चार बोटांवर, एक आख्खं कलम होऊन बसलो होतो. आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग. हिने हेही आपल्याआधी केलं, आपल्याला न विचारता आपल्याला मोठं केलं, आता आपण लहान झालो तरी ते हिच्याच हातून. आणि त्या रागाच्या तळाशी, बाटलीतल्यासारखी, पुसट, पण चुकणार नाही अशी लाज होती. गप्प राहिलं तर काय होणार होतं? काही नाही. स्लाइडवाली सुटली होती. नाक अबाधित होतं. फक्त कुठेतरी, न बघितलेल्या गावांत, न बघितलेल्या टाक्यांजवळ, नऊ हजार माणसं उभी राहणार नव्हती, आणि त्यांना ते कधी कळणारही नव्हतं.

"आला होता," ताई म्हणाली.

"कोण?"

"वास. काल. नऊ वाजून दहा मिनिटांनी."

धाकटी उठून बसली. तिचे केस एका बाजूने चपटे झाले होते. ताई पुढे बोलत राहिली. "तीनदा बघितला. दोनदा आला. बाटलीवर वेळ लिहिली आहे, बाटली रांगेत आहे. मला माहीत होतं काय होणार ते. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं."

"मी विचारलं…" धाकटीचा हात नकळत भुवईकडे गेला. "आणि तू मान हलवलीस."

"हो."

"का, ताई?"

ताईला पुष्कळ सांगता आलं असतं. फाटक, गाडी, अठरा हजार, दोनदा नापास झाल्याची गोष्ट. त्या सगळ्यातून एकच वाक्य बाहेर पडलं. "पोटात दुखत होतं माझ्या," ती म्हणाली. "तुझ्यामुळे. किती वर्षं दुखतंय."

हे आईला ऐकू गेलं. "मग सांगायचं नाही का?" ती निवडलेल्या भाजीचं ताट बाजूला ठेवत म्हणाली. "इतकी वर्षं दुखणं अंगावर काढतं का कुणी? गरम पाणी घे कपभर." ती उठली आणि खरंच शेगडीवर पाणी ठेवायला गेली. एरवी दोघी हसून लोळल्या असत्या. धाकटीच्या तोंडाचा एक कोपरा हललाही, पण मग तो तिथेच थांबला. तिने चपला घातल्या. दारात ती म्हणाली, "उद्या दहा वाजता व्यवस्थापकांच्या खोलीत ये." पाणी उकळेपर्यंत ती गेली होती. ताई ते पाणी प्यायली, आई समोर उभी होती म्हणून.

दहा वाजता खोलीत तिघेच होते. व्यवस्थापक टेबलामागे, धाकटी बाजूला कागद घेऊन. ताई बसायच्या आधीच धाकटी म्हणाली, "साहेब, आधी एक. या माझ्या सख्ख्या मोठ्या बहीण आहेत. मी जबाब लिहून घेणं तुम्हाला योग्य वाटत नसेल तर समितीतल्या दुसऱ्या कुणाला बोलावू. पण हे कागदावर सगळ्यात वर येईल." व्यवस्थापकांनी दोघींच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहिलं; आता त्यांना दोघींची सारखीच हनुवटी दिसली असावी. "ताई, तुम्ही कधी बोलला नाहीत," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हीच लिहा मॅडम." ताईने जे घडलं ते सांगितलं. व्यवस्थापकांचे प्रश्न थोडे होते आणि त्यांचा आवाज प्रत्येक प्रश्नाला खाली जात होता. त्यांनाही कुठेतरी लागलं होतं. शेवटी त्यांनी सांगितलं, की आजपासून टाकीवर यायचं नाही, निर्णय होईपर्यंत बाटल्या धुण्याच्या खोलीत काम करायचं, आणि स्लाइडवालीच्या कागदावरचा शेरा ते स्वतः काढतील. ताईने मान डोलावली. ती उठायला लागली.

"थांबा," धाकटी म्हणाली. "मला एक विचारायचं आहे." तिने वर बघितलं. "वास कसा होता? तुम्हाला नेमकं काय कळलं आणि कशावरून, ते नीट सांगा. घाई नाही."

तुम्हाला. इतक्या वर्षांत या तोंडातून हा शब्द ताईसाठी कधी निघाला नव्हता. तो तिला लागला आणि लागता लागता त्याने तिला सरळ बसवलं. ती सांगू लागली. आधी ओला पुठ्ठा, तो कसा सकाळी कोरडा आणि दुपारी जड असतो. मग त्याच्या खालचं. वारा तळहाताने का घ्यायचा, नाक बाटलीत का घालायचं नाही. एकदा मिळालेला वास दुसऱ्यांदा का मिळत नाही, आणि म्हणून तिसऱ्यांदा थांबून, श्वास सोडून, मग का घ्यायचा. यीस्टच्या कारखान्यातला आंबूस निराळा, हा निराळा; तो जिभेच्या कडेला येतो, हा घशाच्या मागे. ती किती वेळ बोलली ते तिला कळलं नाही. व्यवस्थापकांनी फोन दोनदा वाजला तरी उचलला नाही. धाकटी लिहीत होती, मध्ये थांबवून विचारत होती, "घशाच्या मागे म्हणजे गिळताना?" आणि पुन्हा लिहीत होती. आपलं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि यानंतर कुणी ऐकणार नाही, हे ताईला बोलता बोलताच कळत होतं, तरी ती सांगत राहिली, एकही गोष्ट मागे न ठेवता.

मग धाकटीने कागद तिच्याकडे फिरवले. सहीआधी वाचा, म्हणाली. ताईने वाचलं. सगळं जसंच्या तसं होतं. वासाची पूर्ण दोन पानं होती, आणि त्याखाली निष्कर्ष, की अनुभवी प्रचालकाला परक्या जंतूचा शिरकाव बीज मोठ्या टाकीत सोडण्याच्या एक तास पन्नास मिनिटं आधी ओळखता आला. सबब कलम कायम ठेवावं. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, त्याच अक्षरात, त्याच शाईने, की सदर प्रचालकाने ते जाणूनबुजून कळवलं नाही, आणि विचारणा झाली असता सर्व ठीक असल्याचं खुणेने सांगितलं. कारण: वैयक्तिक मत्सर. एक शब्द कमी नव्हता, एक शब्द मऊ केला नव्हता. खोडाखोड कुठेच नव्हती. ताईने वर बघितलं. धाकटीचे डोळे लाल होते आणि हात स्थिर होता. उलटं असतं, ती इथे आणि मी तिथे, तर मी हे लिहू शकले नसते, ताईला वाटलं. मी कुठेतरी एक शब्द वाकवला असता, आणि त्याला प्रेम म्हटलं असतं.

तिला त्याचाही हेवा वाटला. तिने पेन घेतलं आणि सही केली.